बाटली उघडी राहिली त्या दिवशी

४ ऑगस्ट, सोम.
आजपासून कंपनीच्या लॅबमधलं के.एफ. मशीन माझ्याकडे. जेवताना बाबांनी विचारलं, "त्यात काय करतेस वं?" म्हटलं, कोरड्या दिसणाऱ्या औषधी पावडरीत किती पाणी आहे ते मोजते. बाबा हसले. "आमी तं धान दाताखाली धरूनच सांगतो."

६ ऑगस्ट, बुध.
आधी भांड्यातल्या द्रावणातलंच पाणी संपवायचं. आकडा स्थिरावला की पावडर वजन करून पटकन आत, झाकण लगेच. वंदनाताई (माझ्या सीनियर) म्हणाल्या, "हवेतबी पाणी असते. ते तुयी वाट नाही पाहत."
थेंब पडला की तपकिरी रंग येतो, विरतो. येतो, विरतो. बघतच बसावं.

८ ऑगस्ट, शुक्र.
तीन दिवसांची झड. कारध्याहून येताना पुलावर बस हळू. वैनगंगा कुठं संपते नि आभाळ कुठं, कळेना. लॅबच्या खिडकीतूनही दिवसभर तेच डोळ्यांपुढं.
नव्या बॅचचं पाणी पाऊण टक्का. चालतो अर्धाच. परत केलं, तेच. लिहून दिलं. बॅच थांबली.

९ ऑगस्ट, शनि.
ड्रायरवरच्या देवाजीकाकांना साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पावडर लवकर काढली म्हणे. काका एकच बोलले, "पुरा वेळ ठेवली साहेब." चौकशी होईस्तोवर घरी बसा, असं सांगितलं. सोळा वर्षांची नोकरी.
जाताना माझ्यापाशी थांबले. "पोरी, तुय्या मशीनले अजून एकदा विचारून पाय ना."

१० ऑगस्ट, रवि.
दुपारी डोळा लागला. उशीतून, भिंतीतून, या वहीतून पाणी झिरपत होतं, अगदी हळू, आवाज नाही. जागी झाले आणि आठवलं. शुक्रवारी नमुन्याची बाटली उघडी. मी खिडकीशी, नदीवरचं धुकं बघत. किती वेळ? दोन्ही वेळा पावडर त्याच बाटलीतली.

११ ऑगस्ट, सोम.
ताईंना सांगितलं. "काहून सांगून राहिली? कायम व्हायची आहेस अजून."  मग स्वतःच राखीव, सीलबंद नमुना काढून आणला.
खिडक्या बंद. पावडरीसकट चमचा तोलला, पावडर आत, झाकण, रिकामा चमचा परत तोलला.  तीनदा केलं. तिन्ही वेळा अर्ध्याच्या आत.

१२ ऑगस्ट, मंगळ.
साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. मग, "लेखी दे." दिलं. 'लक्ष नदीकडे होतं' हे लिहिलं होतं, खोडलं.
बॅच सुटली. माझं पुढच्या आठवड्यात ठरेल. तोवर घरी.

१३ ऑगस्ट, बुध.
काकांच्या गावी, एकोडीला गेले. काका धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, उरलेल्या रोपांची रोवणी करत. बांधावरूनच सगळं सांगितलं. ऐकताना हात थांबला नाही.
"म्हणजे मी खोटा नव्हतो."
"नाही काका. चूक माझी."
"सगळ्याईसमोर सांगशीन?"
"सांगीन."
काकांना साहेबांचा फोन येऊन गेलाय. विचारलं, मग येता ना परत? "पाह्यतो," म्हणाले नि रोपांची पुढची पेंडी सोडली.
ओळ संपली, दुसरी लागली. मागं वळले नाहीत. चारची बस समोरून गेली. मी चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि बांधीत उतरले.  थोड्या वेळानं काकांनी एक पेंडी माझ्याकडं सरकवली.