अर्थ इल्ला

बंगळूर,
१४ मे १९५९

ती. तानूआत्यास,
दामूचा प्रभूमध्ये सलाम.

मी इथे खुशाल आहे. तू, कल्पना आणि नगरची सगळी मंडळी खुशाल असालच. इकडे रोज चारला आभाळ भरून येतं आणि पाचला कोसळतं. कारखान्यात काम भरपूर आहे. तू करून ठेवलेलं मेतकूट परवा संपलं, तेव्हापासून मी पुन्हा खाणावळीच्या सांबाराच्या हवाली झालो आहे.

वीज पडून फुटलेली चर्चची कौलं नवी बसवली. घड्याळ मात्र त्या रविवारच्या पाच वाजून दहा मिनिटांवरच अडलं आहे. पंच देवसहायम ते दुरुस्त करू देत नाहीत. म्हणतात, मंडळीला आठवण राहू दे. देवाच्या घरात तबला, झांजा आणि कीर्तनाला उभी राहिलेली बाई, मग वरून निरोप यायचाच, हे त्यांचं म्हणणं कायम आहे. कृष्णाबाई तुझ्या बाजूने भांडल्या. एलीया संदेष्ट्याच्या वेळीही स्वर्गातून अग्नी उतरला होता आणि तो पसंतीचा होता, असं त्या म्हणाल्या. त्यावर पंच म्हणाले, पसंतीचा अग्नी वेदीवर उतरतो, कौलांवर नाही. याच कृष्णाबाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारणीचं सहा वर्षांपूर्वी आणलेलं पुरणयंत्र गुपचूप परत केलं, हे आपलं तुझ्या कानावर घालतो. आपल्या पंधरा मराठी घरांत त्या आठवड्यात बरंच काही परत गेलं. माझीसुद्धा छत्री आली.

खरी गंमत तू गेल्यावर झाली. तू मंगळवारी गाडीत बसलीस आणि बुधवारी होसकोट्याहून वायरमन देवाप्पा आला. चर्चच्या शिखरापासून वीज जमिनीत नेणारी तांब्याची पट्टी आवारातल्या माझ्या खोलीच्या खिडकीजवळून खाली उतरते, ती त्याने वरपासून पायथ्यापर्यंत न्याहाळली. पाळकसाहेब मागे हात बांधून उभे होते. काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. देवाप्पा उकिडवा बसला, मान हलवली आणि म्हणाला, “अर्थ इल्ला, स्वामी. स्वल्पानू इल्ला.”

अर्थ नाही, जरासुद्धा नाही. पाळकसाहेब बेळगावकडचे, कन्नड आणि मराठी दोन्ही त्यांच्या घरचीच. पण विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. वायरमनचा ‘अर्थ’ इंग्रजीतला, म्हणजे जमिनीशी केलेली जोडणी, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी तिथल्या तिथे प्रार्थनेला डोळे मिटले.

पुढच्या रविवारी तासभर प्रवचन झालं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? प्रभू म्हणतो, नाही. तशीच ही वीज. ढगात तयार होते आणि उंच जागा बघून पडते. नीतिमानाचं छप्पर वेगळं ओळखत नाही. एका गरीब कारागिराच्या तोंडून देवाने आपल्याला सांगितलं की यात अर्थ नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या पापात तो शोधत बसू नका. निम्मं चर्च रडलं. देवाप्पाला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं. आपण काय केलं ते न कळून तो बिचारा सगळ्यांना नमस्कार करत होता.

मी मात्र सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होतो.

आत्या, इथून पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले आहेत. कल्पनाचं पत्र आलं. तू झांजा फडक्यात बांधून ट्रंकेत टाकल्यास, उपासनेत गीतांचं पुस्तक उघडून ओठ मिटून उभी राहतेस, असं तिने कळवलंय. तिने कारण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “चाळीस वर्षं गायले. त्याला आवडत नव्हतं तर आधी सांगायचं होतं.”

त्याला आवडत होतं गं. ती पट्टी मी सोडली होती.

माझ्या रेडिओवर सिलोन नुसतं खरखरायचं. रेडिओलाही जमिनीची जोडणी लागते. म्हणून मार्चमध्ये मी पान्याने पट्टीचा खालचा जोड सोडला, वरचं टोक बाजूला वाकवलं आणि जमिनीतल्या टोकाला माझी तार लावली. काय खणखणीत लागलं सिलोन! आणि तुला सांगायचो त्या बातम्या नव्हत्या, सिनेमातली गाणी होती. पावसाच्या आधी जोडून टाकू, असं रोज म्हणत होतो.

वीज पडली तसा मी तबला टाकून पळालो, तो आधी माझी तार काढायला. परत आलो तर तू पायरीवर भिजत उभी. “दामू, माझं काही चुकलं का रे?” असं तू विचारलंस, आणि मी म्हणालो, देवाची इच्छा. माझ्या इच्छेचं खापर मी देवाच्या माथी फोडलं आणि तुला तसंच गाडीत बसवून दिलं. मला लाज वाटते. आवारातली खोली जाईल अशी भीती होती. आणि पुढे ते प्रवचन एवढं रंगलं, की खरं सांगितलं तर पाळकसाहेबांचाही अर्थ तुटेल असं वाटलं.

काल त्यांना सांगितलं. ते खोकला लागेपर्यंत हसले. प्रवचन मागे घेणार नाहीत. ते देवाप्पाचं नव्हतं, शुभवर्तमानातलं होतं, असं म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देवाने तुझा न्याय केलेला नाही, दामोदर. तो तुझ्या आत्याकडे सोपवलाय. तिला लिही.”

येत्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून सगळं सांगणार आहे. पंच पहिल्या बाकावर असतील. खोली राहिली तर राहिली.

पण एक काम माझ्याने होणार नाही. त्या दिवशी कीर्तनात तू एलीयाला डोंगरावर उभं केलं होतंस. वारा सुटला, वाऱ्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, भूकंपात परमेश्वर नव्हता. मग अग्नी, असं म्हणून तू झांज उचललीस आणि वर कडाडलं. सगळे पळाले. लहानपणी मांडीवर घेऊन तूच शिकवलेली पुढची ओळ राहून गेली: अग्नीतही परमेश्वर नव्हता. आमची मंडळी अजून तिथेच अडली आहे, घड्याळासारखी. तू ये आणि कीर्तन पुरं कर. अग्नीनंतरचा तो मंद आवाज पंचांच्या घशातून निघायचा नाही.

देवाप्पाने जोड पक्का केलाय. मी रोज सकाळी हात लावून बघतो. रेडिओ कृष्णाबाईंना दिला. त्या फक्त बातम्या ऐकतात म्हणे.

आलीस तर मला माफ केलंस असं समजेन. नाही आलीस तरी, आत्या, ट्रंक उघड.

तुझा, अर्थ तोडलेला
दामू