वहीतल्या तिरक्या रेघा

आई,

वरण कुकरमध्ये आहे. आधी हेच लिहिते, बाकीचं सुचत नाही.

मी कळमनुरीहून सकाळच्या एसटीनं पुण्याला जाते आहे. उद्या स्पॅनिशची तोंडी परीक्षा आहे. पास झाले तर नोकरी तिकडेच, म्हणजे राहणंही तिकडेच. पहाटे तू हळद शिजवायला शेतात निघालीस तेव्हा मी जागीच होते. झोपेचं सोंग घेतलं.

काल तुला बोलले, "तुला काय कळतंय त्यातलं?" चुकलंच माझं.

सहा महिने माझी क्रियापदं तूच म्हणून घेतलीस. त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता तुला. अक्षरावर तिरकी रेघ असली की तिथं जोर द्यायचा, एवढंच मी सांगितलं होतं. मी घोकायची, तू पोळ्या लाटता लाटता वहीत बघायचीस आणि माझा जोर चुकला की ओरडायचीस, "अगं पुनम, रेघ कुठं अन् तू कुठं जाऊन राहिलीस!" पानापानावर तुझ्या बोटांची हळद आहे. ती वही सोबत नेते आहे.

बाबांची गोळी जेवणानंतर. (मी जाते आहे हे त्यांना सांगितलंय.)

अजून एक. महिनाभरात तू मला "जा" म्हणाली नाहीस, "नको जाऊ" असंही म्हणाली नाहीस. परवा मी फोन करीन, तेव्हा आधी ते सांग. निकाल मी त्यानंतर सांगेन.

पुनम