ओताकीचा वारा

२ जून

आधी सगळ्यांची खुशाली. घरधनी – गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. म्हैस – दूध निम्म्यावर. लेक मीरल कराचीत – बरा आहे, म्हणतो तरी. मी – ठणठणीत! सून भागभरी – आठवा लागला. विचारलं की एकच, "बरी आहे, अमां." गेल्या जूनमध्येही हेच म्हणायची. बाळ मेलेलंच जन्मलं.

५ जून

पन्नास अंश! बायकांची पत्र्याची खोली म्हणजे तापला तवा.

दवाखान्याची नर्स आली, सगळ्यांची बाजी – म्हणजे ताई. भागभरीचे ओठ पांढरे. "पाणी किती पितेस गं?"

पोरगी पुटपुटली, "अंधार पडेपर्यंत शेताकडे जाता येत नाही. म्हणून पीतच नाही."

गावभर बाळंतपणं केली मी, आणि घरातलं दिसलं नाही!

बाजी म्हणाली, "आई तापली की बाळ तापतं, अमां. आत त्याला वारा कोण घालणार? थंड जागा बघा."

थंड जागा एकच – ओताक, पुरुषांची बैठक. हातभर जाड मातीच्या भिंती, छपरावर वारा आत ओढणारा झरोका – मंघ, मागे पाहुण्यांसाठी संडास. बाई तिथे फक्त झाडायला जाते.

६ जून

यांना सांगितलं. "ओताकीत बाई? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. शेण थंड असतं."

खाट मीच ओढत नेली.

७ जून

पुरुष कडुनिंबाखाली. यांचे दोस्त वरयाम म्हणाले, "भाभी, आम्हाला हद्दपार केलंत?"

"आठ महिन्यांचं पोट घेऊन या, आत घेते!"



१२ जून

मंघाच्या तोंडाशी ओलं गोणपाट लावलंय. भागभरी घटाघटा पाणी पिते. बाळ लाथा मारतं – हात लावून बघितलं, दोनदा!

दाराशी भरलेली घागर होती. यांनीच ठेवलेली.  

२० जून

शेजारच्या दोघी पोटुश्या आपापल्या खाटा घेऊन आल्या. कुणाला नाही म्हणू?

११ जुलै

मुलगी! अशी रडली की म्हैस दचकली. मीरलला लिहिलं – आई-लेक सुखरूप. नाव सुचव, आणि लवकर लिही रे बाबा.

१२ जुलै

सकाळी दाराबाहेर कुणी खाकरलं. पुन्हा खाकरलं – बायकांत शिरण्याआधी पुरुष खाकरतो तसं.

घरधनी! स्वतःच्या ओताकीच्या दाराशी!

"आत येऊ का?"