फाटकापासून खिडकीपर्यंत

४ मार्च
ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेली, पुढे महिनाभर लेकीकडे. किल्ली आणि बाग माझ्याकडे. फाटकापासून खिडकीपर्यंत जास्वंदीची सात झाडं. भाऊजींनी शेवटच्या वर्षी स्वतःच्या हातांनी लावलेली. ताई म्हणाली, आठवड्यातून दोनदा पाणी घाल, तेही बेतानं. ताईचा हात पहिल्यापासून आखडता. मी रोज घालणार.

११ मार्च
फाटकाजवळच्या झाडानं मान टाकली. पानं पिवळी. निदान सोपं: तहान. पाणी डबल. बायको म्हणाली, माती तर चिखल झालीय. तिला वरवरचंच दिसतं. मी मुळाशी जातो.

१६ मार्च, सकाळी
मुळाशी गेलो. झाड ओढावंही लागलं नाही, अलगद हातात आलं. मुळं काळी, साल मोज्यासारखी निघते. कुबट वास. साबणानंही जात नाही.
निदान: बुरशी. मला आतून शंका होतीच. खबरदारी म्हणून बाकीची सहाही झाडं खुरप्यानं उकरून तपासली. सगळी ठणठणीत.

१९ मार्च
ताईचा फोन. झाडं कशी आहेत? म्हटलं, एकदम फ्रेश. सहा तर आहेतच.

२४ मार्च
दुसरं गेलं. तिसरंही. रोग घराकडे सरकतोय. ओळीनं, अजिबात घाई न करता. बायकोनं विचारलं, मधे खुरपं धुतलं होतं का? म्हटलं, डॉक्टरनं तपासलं म्हणून कोणी आजारी पडतं का?

३० मार्च
वारा नाही, तरी पानं गळतात. पडल्याचा आवाज येतो. खिडकीजवळचं एकच झाड हिरवं. औषध ओतलं, पाणी बंद. परिस्थिती कंट्रोलमध्ये.

२ एप्रिल
ताई शनिवारी येतेय. नर्सरीतून सहा झाडं आणली, त्याच खड्ड्यांत लावली. बायको म्हणाली, खरं सांगून टाका. पण जास्वंद ती जास्वंद. ताईला काय कळणार?

५ एप्रिल, शनिवार
ताई आली. घरात न जाता वॉकर टेकत फाटकापासून निघाली. नवी झाडं तीन दिवसांतच मलूल. प्रत्येकापाशी थांबली. म्हणाली, ही ह्यांनी लावलेली नाहीत.
मी बुरशीबद्दल सविस्तर सांगितलं. तिनं माझं बोलणं मधे एकदाही तोडलं नाही. मग खिडकीजवळच्या झाडाचं खोड धरलं, जरासं हलवलं. ते मातीतून सुटून तिच्याकडे कललं. बराच वेळ ती ते तसंच धरून उभी राहिली.
मी विचारलं, उद्या किती वाजता येऊ?
ताईनं दुसरा हात पुढे केला. म्हणाली, किल्ली दे.