गेट नऊचा रे

मंगळवार, १ एप्रिल. सकाळी ७.१२.
वखारीच्या मागे व्हॅनमध्ये बसलो आहे. काचा वर. बाबांचा फोन उजव्या हातात. मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करून झाल्या. रेडिओ स्टेशनवर फोन उचलणारी मुलगी म्हणाली, "रे, तुमचा तिसरा नंबर, थांबा जरा." तिला हा नंबर पाठ आहे. रे म्हणजे बाबा; बावीस वर्षं दर मंगळवारी याच नंबरावरून त्यांचा फोन जातो.

७.३१. झालं. चार मिनिटं मिळाली. चांगला बोललो. म्हणजे बाबा चांगले बोलले.

एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. बाबा ११ जानेवारीला गेले. १४ तारखेला मी त्यांच्या फोनवरून हॉलिसच्या कार्यक्रमाला फोन लावला तो फक्त एवढं कळवायला. पण त्या मुलीने मला सरळ कार्यक्रमात जोडलं आणि हॉलिस म्हणाला, "आला, गेट नऊचा रे आला! कुठे होतास इतके दिवस? आम्हाला वाटलं गेलास वर." मला खोकला आला. घाबरलो की येतो. पण तो बाबांचा निघाला: तीन ठसके आणि मग एक लांब श्वास, जिना चढून आल्यासारखा. हॉलिस म्हणाला, "तब्येत सांभाळ म्हाताऱ्या. बोल, लाइनबद्दल बोल." मग मी लाइनबद्दल, म्हणजे आपल्या फुटबॉल टीमच्या पुढच्या फळीबद्दल बोललो.

मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. मी फक्त खोकलो.

तेव्हापासून नियम पाळतो. घरचं काही बोलायचं नाही. "मी बरा आहे" असं म्हणायचं नाही. फक्त बाबांची मतं मांडायची. आईला कळायचा प्रश्न नाही. मंगळवारी सकाळी ती चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत असते. तिथे नुसतं पीठ, बटाटे आणि देव.

शुक्रवार, ४ एप्रिल.
ड्राफ्टला वीस दिवस राहिले. कॉलेजची पोरं एकेक टीम उचलत जाणार, आठ गेले की आपला नंबर. लाइनमध्ये उभा राहणारा एखादा धिप्पाड गडी घ्यायलाच हवा. गेल्या वर्षी आपल्या पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सत्तावन्न वेळा आडवं केलं (माझ्या वहीप्रमाणे अठ्ठावन्न). तरी लोक रिसीव्हर मागतायत. पळत जाऊन पास झेलणारा, नाचणारा, टीव्हीत दिसणारा. बाबा म्हणायचे, घराला आधी पाया घाला, पडदे नंतर लावा.

टीमचे मोठे साहेब गाडीत हॉलिस ऐकतात असं म्हणतात. म्हणजे रेचं त्यांच्या कानावर जातंच. जबाबदारी मोठी आहे.

आज वखारीत माल मोजताना खोकला आला. मी घाबरलेलो नव्हतो. तीन ठसके, लांब श्वास. शेजारच्याने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, दाराकडे.

मंगळवार, ८ एप्रिल. ७.४०.
जरा जास्त झालं. हॉलिस डिवचत होता. म्हणाला, "रे, लिहून घे, आपण रिसीव्हर घेणार. पैज लाव." मी म्हणालो, लावली. तो म्हणाला, "काय देशील? पैसे तर तुझ्या खिशातून कधी निघाले नाहीत." हे खरं आहे, बाबांच्या बाबतीत. तर तोंडातून निघून गेलं: माझ्या बायकोच्या हातच्या दोनशे पिरोगी, स्टेशनवर आणून देईन, मी स्वतः.

घरचं काही न बोलण्याचा नियम मोडला. पण हरण्याची शक्यता नाही, त्यामुळे मोडला असं धरत नाही.

रविवार, १३ एप्रिल.
बाबांच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. आत तिघे लटकतायत. पेटवे, लुंडग्रेन, मार्बल. एकतीस वर्षांत आपण पहिल्या फेरीत घेतलेले तीन रिसीव्हर. पेटवेचा गुडघा गेला, लुंडग्रेनला चेंडू दिसायचा पण सापडायचा नाही, मार्बलने दुसऱ्या वर्षी खेळ सोडून गाड्या विकायला घेतल्या. बाबांनी तिघांच्याही जर्सी पहिल्याच आठवड्यात घेतल्या होत्या. शिव्या घालत घेतल्या. मागे नाव छापलं की दुकानदार परत घेत नाही.

कपाटाचं दार लावलं तर लुंडग्रेनची बाही अडकली. सोडवायला उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बाही बाहेर. शेवटी तशीच ठेवली. आवरायचं काम ड्राफ्टनंतर करीन.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर.
हॅम, अंडी, वॉल्टकाका. स्टेडियममध्ये, गेट नऊच्या आत, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर एकतीस वर्षं बसणारे ते हेच. बाबांच्या आरामखुर्चीत कुणी बसत नाही, तरी जेवण चालू असताना तिची कळ सुटून पाय ठेवायची फळी वर आली. वॉल्टकाका खुर्चीकडे बघून म्हणाले, "आता कशाला उठतोस, बस." आई हसली. मी खाली वाकून कळ तपासली. स्प्रिंग ढिली आहे. सोमवारी बदलतो.

आईने मला विचारलं, तुझा घसा मंगळवारीच का बसतो रे. मी म्हणालो, वखारीत धूळ. ती म्हणाली, हो का, मंगळवारची धूळ. मला मध दिला.

मंगळवार, २२ एप्रिल.
शेवटचा फोन. आवाज इतका जमला की ठेवल्यावर पाच मिनिटं माझा स्वतःचा सापडेना. वखारीच्या दारावरच्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणालो तर तो म्हणाला, "सर्दी झाली का आजोबा?"

ठरवलं: ड्राफ्ट झाला की फोन बंद करून टाकायचा, सिम काढायचं. काम पूर्ण झालेलं असेल.

गुरुवार, २४ एप्रिल. ड्राफ्ट.
संध्याकाळी ७.५०. आमच्या तळघरात मी, वॉल्टकाका, आई (वर-खाली). सॉसेज, मोहरी, बियर. फळीवर यंदाचा कॉफीचा डबा, दर वर्षी वेगळा असतो. आमच्याकडची रीत अशी: आपला खेळाडू जाहीर झाला की प्रत्येकाने त्याचं पुढे काय होईल ते चिठ्ठीवर लिहायचं, चिकटपट्टी लावायची आणि डब्यात टाकायची. तीन वर्षांनी उघडायची. बाबा म्हणायचे, पोराला तीन वर्षं द्यावी, तोवर सगळेच शहाणे.

८.५५. आठ झाले. लाइनवरचा तो टेक्ससचा गडी अजून शिल्लक आहे. हातात आहे. वॉल्टकाका माझा दंड दाबून बसलेत. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, वरपर्यंत निरोप पोचलाय.

९.०४. रिसीव्हर.

९.०६. कीटन ब्रॉडनॅक्स. लुइझियाना. वजन ऐंशी किलो, ओला असला तर.

९.१५. वॉल्टकाकांनी टोपी तोंडावर ओढली, आत काय चाललंय कळत नाही, खांदे हलतायत. पलीकडच्या घरात कुणीतरी बूट भिंतीवर मारला. रस्त्यावर एक माणूस गाडीचा हॉर्न दाबून धरून बसलाय. आई सॉसेज घेऊन खाली आली, टीव्ही पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. मी तिला समजावलं, आई, हे वाईट झालं. ती म्हणाली, "असं का? दिसायला तरतरीत आहे."

चिठ्ठी लिहिली: "दोन वर्षं. मग गाड्या विकेल." दुसरा कागद घेतला, बाबांच्या वतीने लिहिणार होतो. वॉल्टकाका टोपीतून म्हणाले, "तो ठेव खाली. रेची आत आहे." मी विचारलं, कुठली रेची? ते म्हणाले, दवाखान्यात दिली होती, पाच जानेवारीला. यंदाच्या ड्राफ्टची. अगोदरच.

डबा उचलून हलवला. आत एक चिठ्ठी सरकली.

शुक्रवार, २५ एप्रिल.
गावावर सुतक. बेकरीवाल्या बाईने मला एक डोनट फुकट दिला आणि हात दाबला. जानेवारीतही असाच दिला होता, तोच, साखरेचा. पेट्रोल पंपावर दोन जण रिसीव्हर चांगला की वाईट यावरून एकमेकांच्या आईपर्यंत गेले, मग एकाच गाडीत बसून निघून गेले, भाऊ होते. वखारीत कुणीतरी मालाच्या खोक्यावर लिहिलं: नाजूक, ब्रॉडनॅक्स.

डबा फळीवर आहे. उघडायचा नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. आत काय असणार ते मला माहीत आहे. पाया आणि पडदे.

रविवार, २७ एप्रिल.
डबा माझ्या खोलीत आणून ठेवला, सुरक्षित राहावा म्हणून. मग परत खाली नेला. मग वर. आईने जिन्यात विचारलं, फिरायला नेतोस का त्याला.

झोपताना कपाटाकडे पाहिलं. लुंडग्रेनची बाही अजून बाहेरच. चौथ्याला जागा करून दिल्यासारखे तिघे एका बाजूला सरकलेले वाटले. दार सरळ नाही, म्हणून.

ब्रॉडनॅक्सची जर्सी मागवली. बाबांच्या मापाची. ते घेतातच पहिल्या आठवड्यात. घ्यायचे.

मंगळवार, २९ एप्रिल. सकाळी ७.३५.
सिम काढणार होतो. पण रे गप्प बसला असता तर लोकांना संशय आला असता. म्हणून शेवटचा, खरोखरचा शेवटचा फोन केला. आयुष्यात असा बोललो नाही. म्हणालो, एकतीस वर्षं गेट नऊमधून आत गेलो. बर्फात गेलो, ताप अंगात घेऊन गेलो. आता नाही. त्या पोराने चेंडू झेलला तरी मी बघायला नसेन, सोडला तरी नसेन. माझी खुर्ची रिकामी ठेवा.

हॉलिस हळूच म्हणाला, "बरं, रे." पैजेचं नावही काढलं नाही.

फोन ठेवल्यावर खोकला थांबेना. कोणाचा ते कळेना.

संध्याकाळी ६.१०.
घरी आलो तर आई स्वयंपाकघरात, हाताला पीठ, समोर डबा. उघडलेला. मी म्हणालो, आई, तीन वर्षं व्हायची आहेत. ती म्हणाली, "काझ, गप बस आणि खाली बस." मी बसलो.

चर्चच्या तळघरात रेडिओ आहे. पीठ मळायच्या टेबलाच्या वर, देवाच्या तसबिरीखाली. बावीस वर्षं बायका दर मंगळवारी हॉलिस लावतात, कारण माझा नवरा त्यात बोलतो, असं ती म्हणाली. जानेवारीत पहिल्यांदा तो खोकला आला तेव्हा एकीने छातीवर क्रॉसची खूण केली, एकीच्या हातून अख्खी परात पडली. "मी म्हटलं, आवाज वाढवा."

मी विचारलं, तुला तेव्हाच कळलं? ती म्हणाली, "एकोणचाळीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले. खोकला त्याचा होता. अक्कल तुझी होती." मग म्हणाली, तरी मंगळवारी चार मिनिटं हात थांबवायचो सगळ्या. पण आज तू त्याच्या तोंडून म्हणालास की मी बघायला नसेन. ते तू बोलायचं नव्हतंस.

मग चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. बाबांचं अक्षर, दवाखान्यातलं, ओळ खाली उतरत गेलेली:

"रिसीव्हर घ्या. लाइनवाले दर वर्षी मिळतात. दोन महिने छत बघतोय. एकदा कुणीतरी लांब पळताना दिसू दे. काझला सांगू नका, चिडेल."

मी नीट तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एक चूक आहे.

आई म्हणाली, पैज त्याच्या नावावर हरलायस. दोनशे व्हायला हव्यात. हात धू.

सोमवार, ५ मे.
पिरोगी भरायला तीन संध्याकाळी लागल्या. मला कडा दाबता येत नाहीत, उकळताना उघडतात. चर्चच्या बायका आल्या होत्या मदतीला. मी खोकलो की सगळ्यांचे हात थांबायचे.

ठरवलं: उद्या स्टेशनवर जाऊन स्वच्छ सांगायचं. बाबा ११ जानेवारीला गेले. मी त्यांचा मुलगा. माफ करा. तीन वाक्यं. पाठ केली.

मंगळवार, ६ मे. सकाळी ७.५०.
स्टेशनच्या आवारात, व्हॅनमध्ये. पिरोगी दिल्या. हॉलिस जाहिराती चालू असताना स्वतः खाली आला. आवाजावरून वाटतो त्यापेक्षा बुटका आहे. मी पहिलं वाक्य सुरू केलं आणि खोकला आला. तीन ठसके, लांब श्वास. हॉलिसने ट्रे हातात घेतले आणि म्हणाला, "जानेवारीत पेपरात वाचलं होतं, पोरा. फोटोत गेट नऊची टोपी होती." मला दुसरं वाक्य आठवेना. तो वर निघून गेला.

आता गाडीत रेडिओ लावलाय. तो खाता खाता बोलतोय. म्हणतोय, रेने पैज पाळली. मुलाच्या हाती पाठवल्या. पोरगं बापासारखंच खोकतं. रे, ऐकत असशील तर पुढच्या मंगळवारी फोन कर, त्या ब्रॉडनॅक्सबद्दल तुझं खरं मत सांग.

आता आईही ऐकत असेल. हात थांबवून.

हिशेब:
जर्सी, ब्रॉडनॅक्स, बाबांचं माप, नाव छापलेलं, परत घेत नाहीत: १६४ डॉलर. कपाटात टांगली. दार आता नीट लागतं.
बटाटे, चीज, पीठ, लोणी: ७१ डॉलर. बायकांनी मजुरी घेतली नाही.
आरामखुर्चीची स्प्रिंग: घेतली नाही.
पिरोगी देणं २००. पोचत्या केल्या १८८. बाकी १२, वाटेत खाल्ल्या.
बाबांच्या फोनचं मे महिन्याचं बिल: ३५ डॉलर. भरलं.