भट्टीला मारलेलं पॉलिश

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही असताना मी कधी आपणहून तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही विचारलंत तेवढ्याचं उत्तर दिलं, तेही मान खाली घालून. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर, कोणी विचारलेलं नसताना, पानं भरत बसणं मला शोभत नाही. आईला कळलं तर ती म्हणेल, त्यांना निदान तिथं तरी स्वस्थ बसू दे. पण प्रश्न लाकडाचा आहे, आणि लाकडाविषयी ज्यांना विचारावं असं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.

माझं लग्न शिरूरजवळच्या एका बागायतदार घरात झालं, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. या घराचा वरचा मजला रांजणगावच्या एका कारखान्यातल्या परदेशी साहेबांना भाड्याने दिला होता. त्यांनी आपल्या देशातून सुट्या भागांत एक सौना मागवला आणि आमच्या मागच्या पडवीला लागून उभा केला. सौना म्हणजे नखशिखांत लाकडाची एक लहान खोली: आत पायरीसारखी दोन बाकं, कोपऱ्यात विजेचा हीटर आणि त्यावर रचलेले काळे धोंडे. धोंडे तापले की दार लावून आत बसायचं, मधूनमधून त्यांच्यावर पळीभर पाणी टाकायचं आणि घाम गाळायचा. साहेब मायदेशी परतताना ती खोली आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भेट देऊन गेले. आबांचे गुडघे धरतात आणि तिथे बसल्यावर त्यांना खरोखर उतार पडतो. घरात सगळे तिला भट्टी म्हणतात. माझ्या सासूबाईंचं मत निराळं आहे. त्या म्हणतात, “बाळंतिणीला बी सव्वा महिना शेगडी देत्यात. ह्यांचं बाळंतपण काय सरंना.”

भट्टीची देखभाल माझ्याकडे आली, कारण तिचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात शिकलेली सून मी. मराठी माध्यमात सगळं शिक्षण झालेल्या मला ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावं लागलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. पण काम मला आवडलं. सकाळी मी पायाखालच्या लाकडी पट्ट्या उचलून उन्हात उभ्या करते, खालची फरशी झाडते, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाकं पुसते. घामाचे डाग बसले असतील तिथे बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, रेषेच्या दिशेने फिरवते. बादली आणि पळी पालथी घालते, धोंड्यांत एखादा तडकला असेल तर बाजूला काढते, आणि खोली कोरडी होईपर्यंत दार उघडं ठेवते. सुरुवातीला सासूबाई दारात उभ्या राहून बघत असत. “फिनेल न्हाई मारलं तर त्याला धुतलं म्हणत्यात व्हय?” मी म्हटलं, “आत्याबाई, तापल्यावर त्याचा वास नाकात जाईल.” त्या म्हणाल्या, “मग जाऊ दे की. साफ झाल्याचं कळंल तरी.” आम्ही दोघी हसलो होतो. त्या वासाच्या गोष्टीवरून आज माझी झोप उडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

अण्णा, वन्संचं लग्न ठरत आलं आहे. उद्या, रविवारी, मुलाकडची माणसं सुपारी फोडायला येणार आहेत. स्थळ आपल्याच दौंडचं आहे. मुलाचे वडील रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. पाहुणे यायचे म्हणून घर सजवण्याची इथली रीत तुम्हाला माहीत आहेच, अशा कितीतरी घरांची दारं तुम्हीच चकचकीत करून दिली असतील. आबांनी उत्तर प्रदेशातला एक पॉलिशवाला लावला. मी गुरुवारी कॉलेजातले शिकवण्याचे तास आटोपून एसटीने परतले तर दारं, खिडक्या, सोफा, देव्हारा, सगळं आरशासारखं झालं होतं, आणि मागच्या पडवीतून तो वास येत होता. मी धावत गेले. तो माणूस ब्रश धूत होता. “मॅडम, बाबूजी बोले अंदर भी मारो, मेहमान आ रहे हैं. तो मैंने बढ़िया तीन हाथ मार दिया.” बाकं, भिंती, छत, आतली एक फळी त्याने सोडली नव्हती. एवढं मन लावून केलेलं काम मी क्वचितच पाहिलं असेल. मी त्याला “छान झालंय” असं म्हणाले. खरंच म्हणाले, अण्णा. जीभ तेवढंच बोलली.

या खोलीचं लाकूड कोरं ठेवायचं असतं. ते तापतं, आणि त्यावर जे चोपडलं असेल ते हवेत उतरतं. हे पुस्तकात आहे, पण ते वाचताना मला पुस्तक दिसत नव्हतं, आपल्या रेल्वे क्वार्टरची बाहेरची खोली दिसत होती. मी सहावीत आहे. सुट्टीचा दिवस आहे. तुम्ही कोणाच्या तरी लग्नातलं शोकेस करायला घेतलं आहे, आणि यार्डातली धूळ ओल्या पॉलिशवर बसू नये म्हणून दोन्ही दारं आणि खिडकी लावून घेतली आहे. आई भाकरी थापता थापता म्हणते, “जा, बोलाव त्यांना, गार झाल्यावर जेवायचं का काय.” मी दार ढकलते. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, हातात पॉलिशचा बोळा तसाच आहे, डोळे उघडे आहेत, पण तुम्ही माझ्याकडे बघता ते ओळख नसल्यासारखं. मी हाक मारत नाही. मी खिडकी उघडते, मागचं दार उघडते, आणि उभी राहते. वारा आत येतो, त्याच्याबरोबर यार्डाची सगळी माती येते. थोड्या वेळाने तुमच्या तोंडून पहिला शब्द फुटतो तो हा: “खिडकी कुणी उघडली? समदं काम मातीत घातलंस.”

तुम्ही ते शोकेस पुन्हा घासलंत, आणि दुसऱ्यांदा पॉलिश केलंत ते अंगणात, वर चादर बांधून. त्यानंतर घरात दार लावून तुम्ही कधी ब्रश धरला नाही, याची मी नोंद घेतली होती. पुढच्या वर्षी तुम्ही मला लिहायला बैठं मेज करून दिलंत. शिसवाच्या उरलेल्या तुकड्यांचं, कडा गोल केलेल्या. आईने विचारलं, “ह्याला पॉलिश नाय का?” तुम्ही म्हणालात, “कोरंच ऱ्हाऊ दे. तिला वास सोसत न्हाई.” मला वास सोसत नाही, असं तुम्ही सर्वांना सांगत राहिलात, आणि मीही ते तसंच चालू दिलं. तुम्ही गेलात ते हृदयाच्या दुखण्याने, डॉक्टरांनी आईला नीट समजावून सांगितलं होतं, त्या वासाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी मला तुमचं जाणं आठवलं की आधी ती बंद खोलीच आठवते. हे तर्काला धरून नाही. पण भीती तर्काला धरून असती तर मी आज हे पत्र लिहीत बसले नसते.

आता खरी अडचण सांगते. पहिल्या बैठकीला हे दौंडचे पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या वडिलांना जिना चढताना दम लागला. त्यांनी खिशातून दम्याचा पंप काढून दोनदा ओढला आणि ओशाळून माझ्याकडे बघून हसले. गुडघ्यांचंही त्यांना दुखणं आहे. आबा तेव्हाच म्हणाले होते, “व्याही, पुढच्या बारीला आलात की तुमचं गुडघं आमच्या भट्टीतच ठिवून जायाचं.” आणि काल त्यांनी फोनवर पुन्हा बजावलं, “टावेल घिऊन या. सुपारी फुटली की पयलं तुमाला भट्टीत बसवतो, मग पुरणपोळी.” शब्द दिला गेला आहे. आबांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचं या घरात कोणाला आठवत नाही.

मी आज प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी दार सताड उघडं ठेवून हीटर थोडाच वेळ लावून पाहिला, तर डोळ्यांची आग झाली आणि घसा धरला. एका बाकावर पॉलिश पेपर घासून बघितला. हातभर जागेला अर्धी सकाळ गेली आणि पॉलिश लाकडात मुरलेलं तसंच राहिलं. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “वासाचं काय एवढं, दोन उदबत्त्या लाव.” यजमानांना फोन केला. ते पाळीवर होते, मागे यंत्रांचा आवाज. म्हणाले, “तूच सांग आबांना. मी सांगितलं तर म्हणतील, लई शाना झाला.”

“आणि मी सांगितलं तर?”

“तुला काय नाय म्हणणार. तुझं कौतुक हाय त्यांना.”

तेच तर आहे, अण्णा. दुपारी मी ओसरीवर गेले. आबा भावकीतल्या दोघातिघांबरोबर उद्याच्या जेवणाचं ठरवत होते. मी दाराशी उभी राहिले. मनात वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. आबांनी वर पाहिलं. “बोल, सूनबाई.” मी म्हणाले, “चहा ठेवू का?” त्यातले एक आप्पा म्हणाले, “च्या इचारायला एवढा येळ उभी व्हती व्हय ही?” सगळे हसले. आबा म्हणाले, “आमची सून तोलून बोलती.” त्यांच्या स्वरात एवढा अभिमान होता की मी आत येऊन खरोखर चहा ठेवला.

चारचौघांत सांगितलं तर त्यांचा अपमान होईल, आणि सुपारीच्या दिवशी अपमानाची ठिणगी कुठवर जाईल सांगता येत नाही. वन्संचं लग्न आहे. न सांगावं, तर त्या सद्गृहस्थांना चकचकीत बाकावर बसवून दार लावून घेतलं जाईल, आणि ते पाहुणे असल्यामुळे गुदमरत असतील तरी संकोचाने उठणार नाहीत. मी त्यांना ओळखते. मीही उठले नसते. हीटरची तार काढून ठेवावी, बिघडला म्हणून सांगावं, हेही मनात आलं. पण मग उद्याचं टळेल, आणि तार जोडून घेतली की परवा आबा स्वतः आत बसतील.

इथपर्यंत काल संध्याकाळी लिहून झालं होतं. आता रविवार उजाडतो आहे, आणि मी पुन्हा तुमच्यासमोर बसले आहे. लाकडाविषयी विचारायचं आहे असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. लाकडाविषयी मला विचारायचं काहीच नव्हतं. उत्तर गुरुवारीच माहीत होतं. हे पत्र मी लिहीत राहिले ते दुसरं लिहावं लागू नये म्हणून. तुम्हाला लिहिलेल्याला उत्तर येणार नाही, याचा मला आधार वाटला. म्हणून हे कुठेही जाणार नाही, आणि जे जायला हवं होतं ते मी आत्ता फोनवर लिहिलं आहे. घराच्या गटावर टाकलं नाही, फक्त आबांना पाठवलं:

“आबा, भट्टी आज पेटवू नका. आतलं पॉलिश तापलं की विषारी हवा होते. पाहुण्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांच्या जिवावर बेतेल. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. पण पॉलिश खरवडून काढल्याशिवाय मी त्या खोलीत कोणाला बसू देणार नाही, तुम्हालाही नाही.”

खाली त्यांचा फोन वाजला. खाकरल्याचा आवाज आला, मग चष्म्याची डबी उघडल्याचा. ते सावकाश वाचतात.

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आबांना पाठवलं.