चालताना बोलायचं नाही

प्रिय आजोबा,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. नांगरणीची गोष्ट सांगत चालताना तुम्ही अंगणात पडलात. हाड मोडलं नाही.
२. घरातली फिजिओथेरपिस्ट म्हणून मी नियम केला: चालताना बोलायचं नाही.
३. तुम्ही पुन्हा पडला नाहीत.
४. गेल्या माघात झोपेतच गेलात.
५. काल जेवताना सुमाने तुमची एक गोष्ट सांगितली. सगळे हसले. मी ती कधी ऐकलीच नव्हती.

या पाचव्या मुद्द्यासाठी हे पत्र.

नियम बरोबर होता, हे आजही सांगेन. म्हातारपणी मेंदूच्या भागांमधला संपर्क विरळ होतो. एरवी आपोआप पडणाऱ्या पावलाला लक्ष द्यावं लागतं, आणि बोलायलाही तेच लक्ष लागतं. घरात नवा फोन आला तेव्हाचं आठवतं? चालता चालता घंटी वाजली की तुम्ही होतात तिथेच खिळायचात. "पाय विसरतात गं माझे," म्हणायचात. पाय नव्हते विसरत, आजोबा.

रोज सकाळी केळीच्या वाडीतून बावखलाच्या तळ्यापर्यंत तुम्ही माझे असायचात. पण मुके! संध्याकाळी ओट्यावर मात्र सुमाचे. माझी धाकटी बहीण वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पानात बांधत बसायची आणि तुम्ही हळूच विचारायचात,

"डॉक्टरीणबाई गेल्या का आत?"

"गेल्या, गेल्या. कर्फ्यू उठला! बोला आता."

आत मला हे सगळं ऐकू यायचं. पुढचं नाही, तेवढंच. पुढे तुम्ही आवाज खाली आणायचात.

बसून बोलायला मी कधी मनाई केली होती? मला एकदाही ओट्यावर का बोलावलं नाहीत? तुमचा तोल मी सांभाळला. चालताना तुमचा दंड माझ्या हातात असायचा. आणि गोष्टी तिला! आज पाहुणे आले की त्या तीच सांगते, तुमच्यासारखी मान हलवून. मला ते बघवत नाही. तिने काहीही केलेलं नाही, तरीही.

एकच गोष्ट माझ्याकडे आहे, तीही अर्धी. एकदा बावखलाच्या काठाशी तुम्ही थांबलात, पाण्यात बघितलंत आणि म्हणालात, "नीले, तुझी आजी इथंच..."

"आधी घरी पोचू या," मी म्हटलं.

पोचलो. तुम्ही खुर्चीत बसलात आणि विसरलात. पुन्हा कधी आठवलंच नाही तुम्हाला.

सुमाला विचारलेलं नाही. तिला माहीत असेल, तर तेवढंही माझं राहणार नाही.

या वेळी मध्ये बोलणार नाही, हे वचन. बावखलाच्या काठावर दगडावर बसून ऐकेन.

तुमचं वर्षश्राद्ध माघात आहे. तुमचं पान सुमा वाढेल. त्या दिवसापर्यंत उत्तर द्यावं. स्वप्नात आलात तरी चालेल. फक्त आधी माझ्याकडे या.

तुमची,
नीला
वटार